लाल चिंधीचा भोपळा

"करंगळी पुढं कर," आत्याबाई म्हणाल्या.

मी केली. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी माझ्या करंगळीला दोऱ्याचे दोन वेढे दिले आणि वर सुरगाठ मारली. मग ती सोडली आणि पुन्हा मारली.

"एवढंच घट्ट. जास्त आवळलंस तर देठ मरतो, सैल ठेवलंस तर किडा शिरतो. आता तू माझ्या बोटाला बांध."

मी बांधलं. त्यांनी बोट हलवून बघितलं.

"सैल आहे. परत."

असं सात-आठ वेळा झालं. मला आतून हसू येत होतं. भोपळ्याच्या फुलाला पट्टी बांधायची, त्याला एवढी शाळा कशाला, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण सासू होती ती, आणि तिचा पाय मोडलेला होता. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणायचं आणि सासऱ्याला मामंजी. गल्लीत मात्र त्यांना सगळे गोदाक्काच म्हणायचे. आषाढात विहिरीच्या कडेला शेवाळावरून घसरल्या आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून माजघरात पडून राहिल्या. तिथून परसातला दुधीचा वेल दिसत नव्हता. त्याचंच त्यांना पायापेक्षा जास्त दुखत होतं.

त्या दुधीचं बी त्यांच्या माहेरचं. लग्नात त्यांच्या आईनं ओटीत नारळाबरोबर पुरचुंडी घातली होती. फिकट पोपटी फळ, मानेशी जरा वाकडं, शिजायला लोण्यासारखं, आणि चव अशी की गूळ घातलाय का म्हणून पाहुणे विचारायचे. आईचा फोटो माजघरात देवाच्या शेजारी होता, जत्रेत काढलेला. नाकात नथ, डोळे मोठे केलेले. बी त्या आईनं लेकीला दिलं, तिला तिच्या आईनं. आत्याबाईंना लेक नव्हती. श्रीपती एकटाच, माझा नवरा. म्हणजे बी आता माझ्याकडं यायचं होतं.

पण मी त्या घरात येऊन वर्षच झालं होतं, आणि वर्षभरात माझं नाव धांदरट असं पक्कं झालेलं. दूध उतू घालवलं, रॉकेलचा डबा उघडा ठेवला, देवाची समई आपटून वात तुडवली. बोलण्यात मी कुणाला हार जायची नाही, हातांचं मात्र काही विचारू नका. गल्लीतल्या पाच बायका दर अक्षय तृतीयेला आत्याबाईंकडून बी घेऊन जायच्या. त्यातली केराबाई माझ्यासमोरच म्हणाली होती, "गोदाक्का, तुमच्यामागं या बियाचं काही खरं नाही." ते मला फार लागलं होतं. ते बी मला हवं होतं. बियासाठी नव्हे. ते हातात आलं की मी या घरची झाले, असं मला वाटायचं.

"बांधायचं कशासाठी पण?" मी विचारलं.

"कुंपणावर बघितलंस ना, बाबालालचा वेल?"

बाबालालचाचा आमच्या शेजारी तंबोरे करायचे. मिरजेत ती घरं पुष्कळ. तंबोऱ्याचा भोपळा कडू जातीचा असतो, जाड सालीचा. कीड लागत नाही म्हणून तोच लागतो. आतला गर आणि बिया खरवडून ते कुंपणापाशी टाकायचे, त्यातला एक वेल उगवून वर चढला होता. चाचांनी स्वतःहून विचारलं होतं, "अक्का, उपटू का?" तर आत्याबाई म्हणाल्या होत्या, "राहू दे की, त्याला फळ चांगलं धरलंय. मी आपलं फूल बांधते, झालं."

"तो कडू, आपला गोड," आत्याबाई मला सांगू लागल्या. "दोघांची फुलं दिवेलागणीलाच उघडतात. किड्याला काय आपलं-परकं? म्हणून बियाचं एक फूल नेमायचं. ते उघडायच्या वेळेला तिथं हजर राहायचं. आपल्याच वेलाचं नर-फूल तोडून त्यावर फिरवायचं आणि लगेच पाकळ्या मिटवून बांधून टाकायचं. देठाला लाल चिंधी. बी त्याच फळाचं धरायचं, दुसऱ्याचं नाही."

"आणि चुकून त्याचं आपल्याला लागलं, तर भोपळा कडू होतो?"

"या वर्षी नाही होत. फळ आईचं असतं गं, बी दोघांचं. पुढच्या वर्षी त्या बियाचा वेल आला, की मग कळतं."

शनिवारी दुपारी मी त्यांना सांगितलं, मधल्या पेऱ्यावरची कळी फुगलीय. त्यांनी ती किती लांब, देठ केवढा, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "आज उघडणार. हीच धर. संध्याकाळी कुठं हलू नकोस."

श्रीपती साखर कारखान्यात होते, शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. त्या दिवशी चार वाजताच आले. खिशात सिनेमाच्या सहाच्या खेळाची दोन तिकिटं. लग्नाला वर्ष झालं, तरी आम्ही दोघं कुठं म्हणून गेलो नव्हतो. मी नेसून तयार झाले. परसात गेले, कळी बघितली. अजून मिटलेली होती. आभाळ भरून आलेलं.

मी विसरले नव्हते. या वयात तरी खोटं कशाला सांगू. मला पक्कं आठवत होतं. मी मनाशी म्हटलं, ढग आहेत, फूल उशिरा उघडेल. पुढं म्हटलं, एका संध्याकाळनं काय होतंय. चप्पल घातली आणि गेले.

परत आलो तेव्हा आत्याबाई जाग्याच होत्या.

"झालं का गं?"

"हो. आभाळामुळं आम्ही जायच्या आधीच उघडलं होतं."

"चिंधी?"

"बांधली."

"बरं झालं. मला घोर लागला होता." आणि त्या भिंतीकडं तोंड करून झोपल्या.

सकाळी उजाडता उजाडता मी परसात गेले. फूल उघडून गेलं होतं, पाकळ्या ओल्या कागदासारख्या लोळत होत्या. मी त्या चिमटीत धरून मिटवल्या, दोरा बांधला, अगदी शिकवल्यासारखा, दोन वेढे आणि सुरगाठ. देठाला लाल चिंधी बांधली. मागं वळले तर विहिरीपाशी मामंजी राखुंडीनं दात घासत उभे होते.

मामंजी रेल्वेत सांधेवाले होते. येणाऱ्या गाडीला बरोबर रूळ लावून द्यायचं काम तीस वर्षं केलं आणि निवृत्त झाले. बोलणं अगदी कमी. ताटात जे पडेल ते खायचं, नाव ठेवायचं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, एकदा खाकरले आणि चूळ भरायला वाकले. फुलाचं त्यांना काय ठाऊक, असं मी मनाला समजावलं.

दुसरं फूल धरता आलं असतं. वेलावर ढीगभर येत होती. पण त्यासाठी पहिलं खोटं कबूल करावं लागलं असतं, आणि माझं तोंड काही उघडेना. शिवाय चिंधीचं फळ चांगलं वाढायला लागलं. वेलाचे बाकीचे भोपळे मी एकेक करून कापले, टोक जिभेला लावून बघितलं, सगळे गोड. आमच्याकडं ती रीतच होती, कापला की आधी टोक चाखायचं, मगच विळीवर घ्यायचा. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय. मी निर्धास्त झाले. फळ आईचं असतं आणि बी दोघांचं, हे माझ्या कानांनीच ऐकलेलं मी सोयीस्करपणे गिळून टाकलं.

प्लास्टर निघाल्यावर आत्याबाई काठी टेकत पहिल्यांदा परसातच गेल्या. चिंधीच्या भोपळ्यावरून हात फिरवला, गाठ चाचपली.

"चांगली बांधलीस," म्हणाल्या. एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून दुधाचं पातेलं माझ्या हवाली झालं.

भोपळा वेलावर वाळला, मग आढ्याला टांगला. अक्षय तृतीयेला आत्याबाईंनी तो फोडला आणि पाचही बायकांना बी माझ्या हातानं द्यायला लावलं. "या खेपेचं बी शालननं धरलंय," असं प्रत्येकीला सांगितलं. केराबाईनं पदर पसरला आणि माझ्याकडं बघून हसली. मामंजी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. मला अभिमान वाटला. खरंच वाटला, काय करू.

आषाढ संपता संपता नव्या वेलाला पहिला भोपळा आला. पहिलं फळ देवाचं. देवाच्या आधी ते कुणी जिभेला लावायचं नाही, नैवेद्य उष्टा होतो. म्हणून त्या एकाच भोपळ्याचं टोक चाखायचं नसतं. आत्याबाईंनी अंघोळ करून तो स्वतः चिरला, हरभऱ्याची डाळ घालून भाजी केली. सालं चटणीसाठी वाटीत झाकून ठेवली. देवाला पान दाखवलं, आईच्या फोटोला हात जोडले आणि मामंजींना हाक मारली. वार मंगळवार, श्रीपती कारखान्यावर. घरात आम्ही तिघंच, आणि बायकांनी मागाहून बसायचं.

मामंजींनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला. त्यांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. आत्याबाईंकडं नाही, माझ्याकडं.

"कशी झालीय?" आत्याबाईंनी विचारलं.

"चांगली," म्हणाले. घास गिळला. दुसरा घेतला. "किती केलीस?"

"आहे की तिघांपुरती."

"सगळी इकडं वाढ."

आत्याबाई हसायला लागल्या. "अगं बाई, ऐकलंस का शालन? चाळीस वर्षांत या माणसानं कधी दुसऱ्यांदा भाजी मागितली नाही. आज काय, सुनेनं बी धरलं म्हणून?"

"म्हणूनच," मामंजी म्हणाले.

"तिला तरी घासभर ठेवा."

"वेल भरलाय की. तुम्ही पुढचा खा. वाढ तू."

त्यांनी कढई समोर ओढून घेतली आणि सगळी संपवली. कढई भाकरीनं पुसून घेतली. कपाळावर घाम आला होता. आम्ही दोघींनी आमटी-भाकरी खाल्ली. आत्याबाई इतक्या खुशीत होत्या, की जेवताना त्यांनी मला माहेरची दोन गाणी म्हणून दाखवली.

तीन वाजता मामंजींना उलटी झाली. मग उलट्या होतच राहिल्या. पाच वाजता उलटीत रक्त दिसलं. बाबालालचाचांनी टांगा आणला आणि आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं. आत्याबाईंनी सांगितलं, घरचा भोपळा.

"कडू लागत होता का?" डॉक्टर म्हणाले. "कडू दुधी पोटात गेला तर असं होतं."

"माझा भोपळा कडू नसतो."

डॉक्टरांनी मामंजींकडं बघितलं. मामंजींना बोलायला त्रास होत होता, तरी म्हणाले, "गोड होता."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना जरा बरं वाटत होतं. आत्याबाई पाणी आणायला खाली गेल्या. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते.

"शालन, जवळ ये," ते म्हणाले.

मी गेले.

"चिंधी तू सकाळी बांधलीस."

"तुम्ही बघितलं होतं?"

"बघितलं होतं. वाटलं, तू सांगशील तिला. मग ती त्या पाचजणींपुढं तुझं कौतुक करायला लागली. मग मला पण बोलवेना."

"भाजी कडू होती?"

"विष होती." त्यांनी डोळे मिटले, मग उघडले. "तिनं घास घेतला असता तर तिला तेव्हाच कळलं असतं. तुझं त्या घरात काय राहिलं असतं? म्हटलं, दोन दिवस पोट बिघडेल, बसेल. असं होईल हे मला कुठं माहीत."

मी रडायला लागले.

"रडू नको. मी घरी आलो की आपण दोघं मिळून तिला सांगू. रागावेल. रागावू दे. त्या पाच घरांचंही बघायला पाहिजे. पण सांगायचं, शालन. असल्या गोष्टीत रूळ वेळेवर बदलावा लागतो."

आत्याबाई तांब्या घेऊन आल्या. चार वाजता पुन्हा रक्त पडलं आणि सव्वापाचला मामंजी गेले.

सकाळी श्रीपती आले, माणसं जमली, मामंजींना उचललं. आमच्याकडं बायका स्मशानात जात नाहीत. घर सामसूम झाल्यावर मी चुलीपाशी बसले होते. आत्याबाई आत आल्या, झाकलेली वाटी त्यांना दिसली. परवाची भोपळ्याची सालं. फेकायला म्हणून त्यांनी वाटी उचलली आणि थांबल्या. डॉक्टरांचं बोलणं आठवलं असणार. त्यांनी सालाचा एक तुकडा घेऊन जिभेला लावला.

लगेच थुंकल्या. मग पदरानं जीभ पुसत राहिल्या, पुसतच राहिल्या.

"शालन," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "त्या संध्याकाळी फूल बांधलं होतंस ना?"

मामंजी सांगून गेले होते, सांगायचं म्हणून. दोघं मिळून सांगू, असं म्हणाले होते. आता मी एकटी होते. समोर ही बाई, कुंकू पुसलेली, आणि तिच्या हातात ती वाटी.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी माझं बोलणं जसंच्या तसं मानलं. एकदाही माझ्याकडं निरखून बघितलं नाही. तसं बघितलं असतं, तर माझा धीर सुटला असता.

"मग बीच फिरलं," त्या म्हणाल्या. "माझ्या आईचं बीच वाईट निघालं."

त्या काठी घेऊन उठल्या. परसात जाऊन वेल बुडापासून उपटला आणि तशाच फाटकाबाहेर निघाल्या. मी मागं धावले. "आत्याबाई, सुतक आहे. कुणाच्या दारात कसं जायचं?"

"दारात नाही जात. रस्त्यावरून सांगते. आज कुणाकडं पहिलं फळ निघालं आणि देवाला दाखवलं, तर?"

पाच घरं. प्रत्येक घरासमोर रस्त्यात उभं राहून त्या हाक मारायच्या, आणि बाई बाहेर आली की सांगायच्या, "माझं बी फिरलंय. वेल उपट. आमच्या माणसानं तेच खाल्लं." एवढंच बोलायच्या आणि पुढच्या घराकडं वळायच्या. केराबाई दारातच मटकन खाली बसली. "अक्का, असं कसं होईल? किती वर्षं खातोय आम्ही, तुमच्या आईचं बी..."

"तिचंच," आत्याबाई म्हणाल्या.

मी त्यांच्या मागं दोन पावलांवर होते. प्रत्येक घरापाशी ठरवत होते, आता बोलायचं. पाचव्या घरासमोर मी तोंड उघडलंसुद्धा. पण रडून रडून माझा आवाज फुटेना. आतली बाई म्हणाली, "अक्का, सूनबाईला सांभाळा, फार लावून घेतलंय तिनं." आत्याबाईंनी वळून माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मी काही बोलले नाही.

परतताना बाबालालचाचा फाटकापाशी थांबले होते. त्यांच्याही कानावर गेलं होतं. तोंड उतरलेलं. "अक्का, माझ्या वेलामुळं तर नाही ना झालं?"

"नाही बाबा. आमचं फूल बांधलेलं होतं," आत्याबाई म्हणाल्या. तरी चाचांनी दर वर्षी उगवणारा तो वेल त्याच दिवशी तोडून टाकला, चांगली फळं धरली होती तरी.

घरात आल्यावर आत्याबाई माजघरात गेल्या आणि आईचा फोटो भिंतीवरून काढला. धूळ पुसली. फेकतात की काय, असं मला वाटलं. त्यांनी तो जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि ट्रंकेत सगळ्यात खाली घातला.

त्यानंतर त्या एकोणीस वर्षं जगल्या. परसात त्यांनी काही लावलं नाही. आईच्या तिथीला पान वाढायच्या नाहीत. लोक विचारायचे, गोदाक्का, तुमचा तो भोपळा? तर त्या अगदी सरळ सांगायच्या, "त्यानंच घात केला." माहेरचं नाव निघालं की उठून जायच्या. मला मात्र त्यांनी लेकीसारखं वागवलं. घराच्या किल्ल्या दिल्या. गल्लीत कुणी माझं वाईट बोललं की त्या भांडायला जायच्या. श्रीपतींनाही मी कधी काही सांगितलं नाही. दर वर्षी वाटायचं, या दिवाळीनंतर सांगू. मग त्या म्हाताऱ्या झाल्या. आता सांगून काय उपयोग, त्यांना त्रासच होईल, असं वाटायला लागलं. ते खरं नव्हतं. मला माझं भय होतं.

त्या गेल्या त्याच्या चौदाव्या दिवशी पाहुणे पांगले. श्रीपती बँकेत गेले होते. मी ट्रंक उघडली आणि लुगड्यातला फोटो काढला. काच एका कोपऱ्यात तडकली होती. नथ, मोठे केलेले डोळे, तसंच सगळं. भिंतीवर खिळा अजून होता. मी फोटो लावला, कुंकू लावलं आणि समोर उभी राहिले.

"तुमचं बी चांगलं होतं," मी तिला सांगितलं. "फूल मी बांधलं नव्हतं."

हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. ज्यांना सांगायचं होतं त्यांतलं घरात कुणी उरलं नव्हतं. मग मी भात टाकायला आत गेले.